तांबड्या पेशीत ठिपका भरू नका

प्रश्न: मानवी शरीरातल्या पेशींवरून हाताने भरतकाम करायचं आहे. सुरुवात कोणत्या पेशीपासून करू, टाके कोणते घेऊ, आणि फ्रेम केली तर किंमत किती येईल?

सुरुवात रक्तापासून करा. आणि इंटरनेटवरची चकचकीत चित्रं बघून नको, ओळखीच्या लॅबमध्ये जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली स्मिअर, म्हणजे काचेवर पातळ पसरलेला रक्ताचा थर, बघून करा. मी गडचिरोली भागात बरीच वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. दिवसभर स्लाइड आणि रात्री सुई, असं माझं चालायचं. टाके आईच्या गोधड्यांवर शिकले.

आमच्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण खूप. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून काच बंद करायची आणि थांबायचं. प्राणवायू संपत गेला की गोल पेशी ओढल्यासारख्या लांबतात, विळ्यासारख्या वाकतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. दुखण्याने रात्र रात्र न झोपलेली मुलं बाकावर बसलेली असायची आणि त्यांचंच रक्त माझ्यासमोर काचेवर. ते कुठेतरी उतरवावं असं वाटलं, म्हणून मी मांजरपाटावर एक पूर्ण स्मिअर भरलं. आठ महिने लागले.

ते २०१४ साली नागपुरात एका प्रदर्शनाला दिलं. परीक्षक बाई कापडासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "चंद्रकोरी सुरेख आल्यात. पण गोलांच्या मधले ठिपके भरायचे राहिले ना?" मी सांगितलं, माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या तांबड्या पेशीला केंद्रक नसतंच. त्यावर त्या म्हणाल्या, "इतकं अचूक करायचं तर फोटोच लावायचा. कलेत थोडी कल्पना हवी." कापड 'अपूर्ण' शेऱ्यासह परत आलं. घरीसुद्धा जाऊबाईंनी त्यांचीच री ओढली.

मला हे आजही पटत नाही. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून चेतापेशी बघून हाताने रेखाटत राहिले. त्या कामासाठी १९०६ चं नोबेल त्यांना इटलीचे शास्त्रज्ञ गॉल्जी यांच्याबरोबर विभागून मिळालं, आणि तीच रेखाटनं आज कलासंग्रहालयांत मांडली जातात. त्यांनी एक फांदीही मनाने वाढवली असती तर ती कोणत्या कामाची होती? पेशी म्हणजे गोल आणि मध्ये ठिपका, हे शाळेच्या वहीतलं चित्र झालं. ते भरायचं तर खुशाल भरा, पण त्याला रक्त म्हणू नका.

आता टाके. तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. ती दीड सेंटीमीटरची काढलीत तर २००० पट झाली. मग बाकी सगळं त्याच मापात: पांढरी न्यूट्रोफिल पेशी अडीच-तीन सेंटीमीटरची, तिचं केंद्रक तीन ते पाच तुकड्यांचं, बारीक धाग्यांनी जोडलेलं. प्लेटलेट चार-सहा मिलिमीटरची. तिथे दोन-तीन फ्रेंच नॉट एकमेकींना चिकटवून द्या. तांबड्या पेशीला कडेने फिक्या गुलाबीचा लांब-आखूड टाका, सहा पदरांतला एकच पदर घेऊन. मधला एक तृतीयांश भाग फिका दिसतो, तिथे कापडच मोकळं सोडा. विळ्याची पेशी मात्र पूर्ण भरा, तिच्यात फिकेपणा नसतो. जांभळा केंद्रकाला आणि प्लेटलेटला, कारण स्मिअर रंगवायच्या लिशमन रंगात ते तसेच दिसतात.

चेतापेशी करायची असेल तर लहान मेंदूतली पुर्किंजे घ्या. तिच्या फांद्या पंख्यासारख्या एकाच पातळीत पसरतात, म्हणून सपाट कापडावर ती खोटी वाटत नाही. उलटी टीप पुरते. टोकाकडे जाताना पदर कमी करत जा.

किमतीचं मला सांगता येणार नाही. ते कापड मी विकलं नाही, दुसरं विकायला केलं नाही. कोणाची खरी स्लाइड बघून भरणार असाल तर नाव-नंबर कापडावर कुठेही येऊ देऊ नका.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या कापडावर एका गुलाबी पेशीत जांभळा ठिपका होता. बहुधा तोच बघून बाईंना बाकीचे राहिले असं वाटलं असेल. पण तो मी बघूनच भरला होता. सिकलच्या रुग्णात पेशी इतक्या लवकर मरतात की रक्तपेशी बनवणारी हाडांतली अस्थिमज्जा कधी कधी घाईत कच्ची पेशीच बाहेर सोडते, केंद्रक गळून पडायच्या आधी. सगळ्या स्मिअरमध्ये तशी एकच सापडली होती. डाव्या कोपऱ्यात, वरून तिसरी.