कपाटातला जुना राउटर आधी बाहेर काढा

प्रश्न : साताऱ्यात आमचं दोन मजली घर आहे. खाली हॉलमध्ये फायबरवाल्यांनी डबा बसवलाय, वर मुलीच्या खोलीत नेट नुसतं गोल गोल फिरतं. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. दुकानदार म्हणतो नवीन 'एसी १२००' राउटर घ्या. घरात जुना एक पडून आहे पण त्याचं सेटिंगचं पेजच उघडत नाही, गूगल सर्चच येतं. काय करू?

उत्तर : काका, थांबा जरा. नवीन राउटर आणून परत हॉलमध्येच ठेवणार असाल तर मधला स्लॅब काय हलणार नाहीये, त्यात सळया आहेत आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथेच गारद होतो. तुम्हाला राउटर नकोय, वायर हवीय. कॅट ६ केबल (नेटची वायर) खालच्या डब्यापासून वरच्या खोलीपर्यंत ओढून घ्या, डक्टमधून नाहीतर खिडकीतून, आणि वरच्या टोकाला तो जुना राउटर लावा.

आणि ते १२०० म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांवरचे ३०० आणि ८६७ एमबीपीएस मिळून, वर गोल करून केलेली बेरीज, एका मोबाइलला तेवढा स्पीड कधीच मिळत नाही. दुकानात हा आकडा सोडून पोर्ट, म्हणजे वायर घालायची मागची भोकं, बघा. खोक्यावर नुसतं '१०/१००' लिहिलं असेल तर वायरवरून शंभरच्या आतच मिळणार, मग २०० चा प्लॅन असो की ५०० चा. जुन्याचेही पोर्ट बहुतेक तसलेच असतील, पण ऑनलाइन क्लासला तेवढं भरपूर झालं.

आता पेजचं. जुना राउटर चालू ठेवून मागच्या बारीक भोकात पिन घालून दहाएक सेकंद दाबा, सगळे दिवे एकदम लुकलुकले की रिसेट झाला. (हे फायबरच्या डब्यावर चुकूनही करू नका!! त्यातली कंपनीची सेटिंग उडतात आणि मग लाइनमनची वाट बघत बसा.) मग लॅपटॉप वायरने फक्त या जुन्यालाच जोडा, वायफाय बंद ठेवा, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) ipconfig टाइप करा आणि 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा दिसेल तोच पत्ता, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीतच टाका, आकडे इंग्रजी, आधी एचटीटीपी, कोलन, दोन तिरप्या रेघा, म्हणजे गूगल मध्ये कडमडणार नाही. मोबाइलवरून करत असाल तर डेटा बंद करा, नाहीतर या वायफायवर नेट नाही म्हणून फोन गुपचूप डेटावर उडी मारतो. लॉगिन खालच्या स्टिकरवर असतं.

आत 'अॅक्सेस पॉइंट मोड' (वायरने आलेलं नेट नुसतं वायफायने पसरवायचा मोड) दिसला तर तो निवडा, काम झालं. नसेल तर आधी त्याचा लॅन पत्ता (घरातल्या नेटवर्कमधला त्याचा स्वतःचा पत्ता) बदला, खालचा डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, मग डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम, ते खालचा डबा करतोच) बंद करा आणि खालून आलेली वायर लॅन पोर्टमध्ये घाला, वॅन म्हणजे बाहेरच्या नेटच्या पोर्टमध्ये नाही. बरेच जण वॅनमध्ये घालतात, नेट चालतंही, पण मग वरच्या फोनला खालचा प्रिंटर सापडत नाही आणि शिव्या प्रिंटरला बसतात. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा, २.४ चा चॅनल मात्र वेगळा, खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए २ निवडा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा आणि अॅडमिनचा पासवर्ड बदला, 'अॅडमिन-अॅडमिन' ठेवू नका प्लीज.

प्रश्न : लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर घ्यायचा विचार नाही. मधला मार्ग?

उत्तर : राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो तो घ्या. आधी अॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं पण ९ वालेही असतात. व्होल्ट तेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनही बसली पाहिजे. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना पॉवर द्या. एवढं करूनही लाइट गेल्यावर नेट जात असेल तर कंपनीच्या लांबच्या नोडवर (जिथून तुमची लाइन येते ते ठिकाण) बॅकअप नाही, तिथे कंपनीच्याच मागे लागावं लागेल.