पीटर सेलर्स नुसता नकलाकार होता की खरंच मोठा नट?

तुम्ही विचारलंय की पिंक पँथर या विनोदी सिनेमांमधला तो वेंधळा इन्स्पेक्टर क्लूझो सोडला तर पीटर सेलर्स या ब्रिटिश नटाने असं काय केलं की त्याला एवढा मानतात, आवाज काढणारे तर पुष्कळ असतात. माझ्या मते त्याचं मोठेपण आवाजातच आहे. त्याला आधी आवाज सापडायचा आणि मग त्या आवाजाच्या मागून चालणं, बघणं, हात हलवणं सगळं आपोआप यायचं. आपल्याकडे नाटकवाले ज्याला बेअरिंग म्हणतात ते त्याला कानातून मिळायचं.

जन्म १९२५ चा, इंग्लंडमधल्या साउथसीचा, आईवडील दोघंही व्हरायटी शोमध्ये, म्हणजे गाणी-विनोदाच्या स्टेजवरच्या कार्यक्रमांत, हा सुरुवातीला ड्रम वाजवायचा. महायुद्धात हवाई दलात गेला आणि सैनिकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या तुकडीबरोबर भारत, सिलोन, ब्रह्मदेश फिरला. युद्ध संपल्यावर मात्र काम मिळेना. तेव्हाचा, १९४८ चा किस्सा तो स्वतःच सांगायचा. बीबीसीकडून काही उत्तर येत नव्हतं, तर याने रॉय स्पीअर नावाच्या प्रोड्यूसरला सरळ फोन लावला आणि केनेथ हॉर्नच्या आवाजात बोलायला लागला, हा हॉर्न तेव्हा रेडिओवरचा मोठा स्टार, आणि मग मधेच हॉर्नचा जोडीदार रिचर्ड मर्डॉक याचाही आवाज काढला, म्हणजे दोन दोन स्टार मिळून सांगतायत की सेलर्स नावाचा एक पोरगा आहे, त्याला घ्या. शेवटी खरं काय ते कबूल केलं. स्पीअरने शिवी हासडली, आणि कामही दिलं!

मग आला बीबीसी रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम द गून शो, १९५१ ते १९६०. इथे मला राहवत नाही म्हणून सांगतो, मी नगरचा आहे, आणि हा कार्यक्रम लिहिणारा स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये आमच्या नगरला जन्मला, वडील ब्रिटिश फौजेत, पोराचं लहानपण पुण्याच्या कॅम्पात गेलं. त्याच्या लिखाणात ते फौजी साहेब सारखे येतात, आणि त्यांना आवाज द्यायचा सेलर्स. भित्रा आणि पैसेखाऊ मेजर ब्लडनॉक, चिरक्या आवाजाचा पोरगा ब्लूबॉटल, थरथरत बोलणारा म्हातारा हेन्री क्रन, लोण्यासारखं गोड बोलून गळा कापणारा ग्रिटपाइप-थिन, हे सगळे एकटा सेलर्स, कधी कधी तर एकाच सीनमध्ये एकमेकांशी बोलताना. १९५९ मध्ये एकदा तो आजारी पडला तर त्याच्या जागी चार नट बोलवावे लागले. डोळे मिटून एक भाग ऐका, हा एकच माणूस आहे हे लक्षात ठेवायचं म्हटलं तरी राहत नाही.

सिनेमात १९५९ चा आय एम ऑल राइट जॅक, त्यात कामगार पुढारी फ्रेड काइट, त्यासाठी बाफ्टा हे ब्रिटिश सिनेमाचं मोठं बक्षीस मिळालं. मग १९६४ चा डॉक्टर स्ट्रेंजलव्ह, अणुयुद्धावरचा विनोदी सिनेमा. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने त्याला तीन भूमिका दिल्या, ब्रिटिश अधिकारी, अमेरिकेचा अध्यक्ष आणि व्हीलचेअरवरचा तो जर्मन शास्त्रज्ञ. त्या शास्त्रज्ञाचा पातळ, ताणलेला आवाज त्याने सेटवर आलेल्या वीजी नावाच्या फोटोग्राफरच्या बोलण्यावरून उचलला. अध्यक्ष रशियाच्या प्रमुखाशी फोनवर बोलतो तो सीन तर परत परत बघा, पलीकडचा माणूस आपल्याला ऐकूच येत नाही, पण सेलर्स मधे जेवढा थांबतो त्यावरून तो दारू प्यायलाय, रुसलाय, सगळं कळतं. चौथी भूमिका टेक्सासच्या पायलटची होती, तो हेल काही त्याला पटेना, त्यात पाय मुरगळला, आणि ती दुसऱ्याकडे गेली.

त्याच वर्षी एकामागून एक हार्ट अटॅक आले, पुढे बरेच सुमार सिनेमेही केले, त्यावर वेळ घालवू नका.

द पार्टी (१९६८) बद्दल मात्र बोललंच पाहिजे. तोंडाला रंग फासून गोऱ्याने भारतीय व्हायचं हे मला खटकतं आणि खटकायलाच हवं. तरी त्यातला बक्षी, म्हणजे सेलर्सने केलेला तो भारतीय, पार्टीत एकटा पडलेला असतो, कोणी बोलत नाही तरी हसून मान डोलावत राहतो, ते बघताना पोटात कालवतं, कारण परक्या ठिकाणी आपलीही अशीच गत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मला एक निवडता येत नाही.

आणि शेवटी बीइंग देअर, १९७९. चान्स नावाचा माळी, आयुष्यभर एका घरात राहिलेला, जगाची ओळख फक्त टीव्हीवरून. ही भूमिका मिळावी म्हणून सेलर्स कित्येक वर्षं मागे लागला होता. टेपरेकॉर्डर घेऊन बसून त्याने तो आवाज बसवला, स्वच्छ, सपाट, कुठल्याच गावाचा नसलेला. शेकडो आवाज काढणाऱ्या माणसाने इथे प्रत्येक हेल, प्रत्येक लकब काढून टाकलीय. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, बक्षीस नाही, आणि जुलै १९८० मध्ये तो गेला, वय ५४. सिनेमाच्या शेवटी नावं येताना त्याचे चुकलेले, हसू फुटलेले टेक दाखवलेत, आणि त्याला ते अजिबात आवडलं नव्हतं, त्याने दिग्दर्शकाला तसं कळवलंही, की यामुळे सगळी जादू मोडते. तुम्ही बघाल तेव्हा नावं सुरू झाली की बंद करा.