शेत, प्रयोगशाळा आणि पदवी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी यंदा जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण झाली. तिने कृषी पदवीला जावे की जीवविज्ञानात बी.एस्सी. करावी, हे ठरत नाही. दोन्हीकडे ‘आम्ही प्रत्यक्ष संशोधनातून शिकवतो’ असे सांगतात. ते खरे की नाही, हे पालकांनी कसे ओळखावे?
— एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : विद्यार्थ्याच्या हाती नेमके कोणते काम सोपवले जाते, हे पाहावे. पुष्कळ ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे ज्याचे उत्तर वहीत आधीच लिहिलेले आहे, असा प्रयोग पुन्हा करून दाखवणे. त्याचीही गरज आहे, कारण सूक्ष्मदर्शक हाताळायला किंवा द्रावण अचूक बनवायला त्याशिवाय हात बसत नाही. संशोधन मात्र जेथे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नसते, तेथून सुरू होते.

माळव्यातले सोयाबीनचे उदाहरण घेऊ. पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम जीवाणूंची प्रक्रिया करावी, हे प्रत्येक पुस्तकात असते. हे जीवाणू मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. आता विद्यार्थ्याला असे विचारले की, ‘आपल्या शेतात या प्रक्रियेने खरेच फरक पडतो का?’, तर त्याला प्रक्रिया केलेल्या बियाण्याचे वाफे आणि न केलेल्याचे वाफे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. जमिनीचा एखादा तुकडा मुळातच कसदार असू शकतो, म्हणून प्रत्येक प्रकाराचे अनेक वाफे घेऊन त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्या लागतात. आणि पीक फुलोऱ्यात आल्यावर झाडे मुळांसकट काढून गाठी मोजाव्या लागतात. काळ्या चिकट मातीत झाड नुसते उपटले तर निम्म्या गाठी जमिनीतच राहतात, म्हणून भोवतीची माती खणून मुळे पाण्यात हलकेच धुवावी लागतात. गाठ कापल्यावर आतून गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा असतो. हिरवट किंवा पांढरी दिसली तर तिच्याकडून नत्राची अपेक्षा नाही.

एवढे करूनही कदाचित दोन्ही वाफ्यांत फारसा फरक दिसणार नाही, कारण जेथे वर्षानुवर्षे सोयाबीन घेतले जाते तेथील मातीत हे जीवाणू आधीच वस्ती करून असू शकतात. अशा वेळी विद्यार्थ्याने आकडे ओढूनताणून पुस्तकाशी जुळवायचे की ‘फरक आढळला नाही’ असे लिहून त्याचे कारण शोधायचे? जे शिक्षक दुसऱ्या उत्तराला पूर्ण गुण देतात, त्यांच्याकडे मुलीला निःशंक पाठवावे. माझ्या मते ही कसोटी महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा आणि यंत्रांच्या यादीपेक्षा अधिक भरवशाची आहे.

इंदूरकरांना ही परंपरा परकी नाही. 1924 साली येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली आणि ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी सहकारी यशवंत वाड यांच्यासह शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची रीत संस्थेच्याच शेतावर बसवली. खड्ड्यात थर कसे द्यावेत, ओल किती ठेवावी, हवा खेळावी म्हणून ढीग केव्हा उलटावा, हे सारे करून पाहूनच ठरले. ढीग तीनदा उलटून सुमारे 3 महिन्यांत खत तयार होई. 1931 साली दोघांनी ही रीत ग्रंथरूपाने मांडली आणि ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. आजचे कृषी महाविद्यालय त्याच परिसरात असून ते ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंदिया कृषी विश्वविद्यालयाशी जोडलेले आहे. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच आहे.

प्रवेशापूर्वी शक्य असेल तर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना भेटावे. खरीप आणि रब्बी हंगामात पेरणीपासून काढणीपर्यंत स्वतःच्या जबाबदारीचा वाफा मिळाला का, नोंदवही शिक्षकांनी वाचली का, शेवटच्या वर्षी प्रकल्पाचा विषय कोणी ठरवला, हे त्यांना विचारावे.

राहिला निवडीचा प्रश्न. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक हा रोग पाहा : पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा त्याचा विषाणू पानात आहे की नाही हे पीसीआर तंत्राने, म्हणजे त्याच्या डीएनएच्या असंख्य प्रती करून, तपासणे जीवविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिकता येते, तर कोणते वाण तग धरते आणि पेरणीची वेळ बदलल्याने काय होते हे शेतातच कळते. मुलीला रेणूंच्या पातळीवरच्या कारणांचे कुतूहल असेल तर जीवविज्ञान घ्यावे, संपूर्ण पीक आणि शेतकरी यांत रस असेल तर कृषी. पुढे पदव्युत्तर संशोधनात या वाटा पुष्कळदा एकत्र येतात.

प्रश्न : मी जीवविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन करायचे आहे, पण आमच्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाच संधी मिळते. मी काय करू?
— एक विद्यार्थी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसारच्या चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण असणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते, आपल्या विद्यापीठात ती सोय तुमच्या विषयाला लागू झाली आहे का, याची चौकशी आजच करा. देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात आणि निवड झालेल्यांना नामांकित संशोधकांकडे सुमारे दोन महिने काम करता येते.

तोवर आपल्याच विभागातील एखाद्या शिक्षकांकडे जा, मात्र ‘काही काम असेल तर द्या’ असे मोघम विचारू नका. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातील न समजलेली गोष्ट विचारा. सुरुवातीला काचसामान धुणे, जीवाणू वाढवण्याचे पोषक माध्यम तयार करणे, बिया मोजणे अशीच कामे मिळतील. ती मनापासून करा. दूषित झालेली एक पेट्री डिश (जीवाणू वाढवण्याची झाकणाची उथळ बशी) महिन्याचे काम कसे वाया घालवते, हे तेथेच कळते.

प्रश्न : कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मुलीला ‘रावे’साठी खेड्यात राहावे लागेल असे कळले. घरच्यांना काळजी वाटते. हा भाग टाळता येतो का?
— एक वडील, रामबाग, इंदूर

उत्तर : ‘रावे’ म्हणजेच ग्रामीण कृषी कार्यानुभव हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि टाळता आला असता तरी टाळू नये असेच मी म्हणेन. विद्यार्थी एखाद्या शेतकरी कुटुंबाशी जोडला जातो आणि त्याच्या हंगामाचे निर्णय जवळून पाहतो. बियाणे घरचे वापरावे की विकत घ्यावे, चक्रीभुंगा ही सोयाबीनवरची कीड दिसताच फवारावे की थोडे थांबावे, या निर्णयांत पैसा, मजुरी आणि पाऊस यांचा हिशेब असतो, तो वर्गात पुरता कळत नाही.

आपली काळजी रास्त आहे. निवासाची व्यवस्था कोठे आहे, सोबत किती मुली आहेत, मार्गदर्शक शिक्षक किती वेळा गावात येतात आणि अडचण आल्यास संपर्क कोणाशी साधायचा, हे महाविद्यालयाकडून लेखी मागून घ्यावे. शक्य असल्यास एकदा स्वतः गावात जाऊन त्या शेतकऱ्याच्या घरच्यांना भेटून यावे.