प्रकाश नियंत्रित करून मेंढ्यांना हंगामाबाहेर माजावर आणता येते का?

हो, येते. पण नुसते रात्री दिवे लावून नाही. मेंढी दिवस लहान होऊ लागले की माजावर येते. अंधारात तिच्या मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचे संप्रेरक सोडते, आणि ते किती तास स्रवते यावरून शरीराला ऋतू कळतो. म्हणून आधी ‘उन्हाळा’ दाखवावा लागतो, मग ‘हिवाळा’.

साधारण दोन महिने रोज 16 तास उजेड आणि 8 तास अंधार ठेवा. त्यानंतर उलट, 8 तास उजेड आणि 16 तास अंधार. हा बदल झाल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी माज दिसू लागतो. दिवे मेंढीच्या डोळ्यांच्या उंचीवर नीट उजेड पडेल असे लावा आणि टायमर वापराच; वेळा रोज बदलल्या तर सगळे बिघडते.

खरी अडचण दुसऱ्या टप्प्यात येते. 16 तासांचा पक्का अंधार करायचा तर गोठा पूर्ण बंद हवा, शिवाय हवा खेळती राहायला हवी. हे जमत नसेल तर पशुवैद्याकडून कानामागे त्वचेखाली मेलाटोनिनची गोळी बसवून घेणे जास्त सोपे, असे माझे मत आहे.

नराला विसरू नका! त्यालाही हाच प्रकाश द्या, कारण शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे सात आठवडे लागतात. विषुववृत्ताजवळच्या जाती बहुधा वर्षभर माजावर येतात. त्यांच्यासाठी हा खर्च करू नका, खुराक सुधारा.