क्योमुशिलमध्ये कुणी बोलत नाही, ते तुझ्यामुळे नाही

अगं, तू लिहिलंयस की दक्षिण कोरियात हेनामच्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला येऊन तीन आठवडे झाले, को-टीचर (तुझ्या जोडीची कोरियन इंग्रजी शिक्षिका) कामापुरतंच बोलते, क्योमुशिलमध्ये (म्हणजे आपली टीचर्स रूम) सगळे मान खाली घालून टाइप करत असतात, जेवणात भात आणि काकडी सोडून काही खाता येत नाही आणि रोज वाटतं मेलबर्नला परत जावं. मी कोरियातच अंदोंगजवळ सहा वर्षं शिकवलं, पासपोर्ट कॅनडाचा, घरी मराठी, त्यामुळे आपली केस बरीचशी सारखीच आहे. पहिल्या सेमिस्टरला मीही घरी येऊन रोज रडायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घे, तू ऑगस्टच्या शेवटी आलीस. कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या काही वर्षांनी बदल्या होतात, त्यामुळे मार्चमध्ये टीचर्स रूममध्ये बरेच जण नवीन असतात आणि सगळेच एकमेकांशी ओळखी करून घेत असतात. तू आलीस तेव्हा त्यांचं सगळं बसलेलं होतं. पुढच्या मार्चमध्ये बघ, तू जुनी होशील आणि कोणीतरी तुलाच विचारेल कागद कुठे असतात.

को-टीचरचं म्हणशील तर तिच्याकडे स्वतःचे तास, मार्कांची कामं, पालकांचे फोन हे सगळं आहेच, त्यात तुझं घर, बँक, इमिग्रेशन, बिघडलेला बॉयलर हेही तिच्याच डोक्यावर. आणि ती इंग्रजी शिकवत असली तरी दहा सहकाऱ्यांसमोर तुझ्याशी इंग्रजीत बोलायचं तिला फार दडपण येतं, चूक झाली तर सगळ्यांना ऐकू जाणार ना. माझी को-टीचर रूममध्ये एक शब्द काढायची नाही आणि कॉरिडॉरमध्ये भरभरून बोलायची, हे कळायला मला दोन महिने लागले! तेव्हा तिला शाळेच्या मेसेंजरवर छोट्या वाक्यात लिहीत जा, ती पापागोवर (भाषांतराचं ॲप) टाकून शांतपणे उत्तर देईल. तास अचानक रद्द होतात आणि तुला ८:५० ला कळतं, तेही कोणी मुद्दाम लपवत नाही, सूचना त्याच मेसेंजरवर कोरियनमध्ये आलेली असते. सकाळी गेल्या गेल्या विचारायचं, "ओनुल शिगानप्यो ब्यॉन्ग्यॉंग इस्सॉयो?", आज वेळापत्रकात बदल आहे का. एवढ्या एका वाक्याने माझी निम्मी चिडचिड गेली.

दुसरं म्हणजे आल्यावर आणि निघताना मान झुकवून नमस्कार, सगळ्यांना, क्योगामना (उपमुख्याध्यापक) तर नक्कीच. मी सुरुवातीला कानात हेडफोन घालून थेट डेस्कवर जायचे, मला वाटायचं त्यांना डिस्टर्ब नको, आणि त्यांना वाटायचं हिला आपण आवडत नाही. निघताना "मॉन्जॉ कबोगेस्सुम्निदा" म्हण, म्हणजे तुमच्याआधी निघते. दोन आठवड्यांत माझ्या डेस्कवर संत्री यायला लागली.

आता जेवण. शाळेच्या महिन्याच्या मेनूत पदार्थापुढे बारीक आकडे असतात, ते ॲलर्जीचे असतात आणि सगळ्या शाळांत तेच. १० म्हणजे डुक्कर, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकूळ, १८ शिंपल्यांचा प्रकार, ९ कोळंबी, ८ खेकडा, ७ बांगडा, १ अंडं, ५ सोयाबीन. मेनूचा फोटो काढून ठेव आणि ७ ते १०, १५ ते १८ दिसले की ते सोड. पण एक लक्षात ठेव, म्योल्ची म्हणजे सुकी छोटी मासळी, तिला आकडाच नाही आणि सूपचा रस्सा बहुतेक वेळा तिचाच असतो. किमचीतही बरेचदा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. कडक शाकाहारी असशील तर डबा ने, पण बस सगळ्यांबरोबरच. स्टीलचा कप्प्यांचा ट्रे असतो, खाली डावीकडे भात, उजवीकडे सूप, वर भाज्या, मला तर तो बघून आपलं ताटच आठवायचं. मी रोज वाढणाऱ्या मावशींना "चल मॉक्केस्सुम्निदा" म्हणायचे, म्हणजे छान जेवते हं. एक दिवस मेनूत नसलेलं तळलेलं अंडं माझ्या भातावर आलं, मावशींनी बोटाने ओठांवर खूण केली, कुणाला सांगू नको. त्यानंतर डुकराचं मटण असेल त्या दिवशी अंडं ठरलेलं!

हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, या शनिवार-रविवारीच शिकून टाक. आपल्याला सोपं जातं, खरंच. क, ख आणि दाबून म्हटलेला क्क, हा फरक माझ्याबरोबरच्या अमेरिकन टीचर्सना महिनोन्‌महिने ऐकूच यायचा नाही, आपला कान क आणि ख वेगळे ऐकतच मोठा झालाय. वाक्यही आपल्यासारखंच लागतं, "हाक्क्योएसॉ पाबुल मॉगॉस्सॉयो", शाळेत भात खाल्ला, शब्दाला शब्द.

तू विचारलं नाहीस, पण येईल म्हणून सांगते. मुलं विचारतील तू खरी ऑस्ट्रेलियन आहेस का, इंडियन का दिसतेस. एका पालकाने तर माझ्याबद्दल शाळेत फोन केला होता की गोरी टीचर का नाही, आणि ते मला फार लागलं, अजूनही लागतं. मुलांचं मात्र तसं नसतं, त्यांना फक्त जाणून घ्यायचं असतं. मी नकाशा नेला, साताऱ्याच्या आजीच्या वाड्याचे फोटो नेले, आणि प्रत्येकाचं नाव देवनागरीत चिठ्ठीवर लिहून दिलं. सहावीची पोरं ती चिठ्ठी कंपासपेटीला चिकटवून वर्षभर फिरत होती, आणि एका मुलीने तर बघून बघून शिरोरेषा मारायला शिकून घेतलं.

कागदपत्रांत एकच घाई कर, परदेशी लोकांच्या रजिस्ट्रेशन कार्डासाठी कोरियात आल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, हायकोरियावर (इमिग्रेशनची वेबसाइट) अपॉइंटमेंट लवकर भरतात, तेव्हा को-टीचरची वाट न बघता आजच स्लॉट बघ. पेन्शनचे पैसे पगारातून कापले जातात त्याचं वाईट वाटून घेऊ नको, ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर देश सोडताना ते एकरकमी परत मागता येतात.

आणि पुढच्या महिन्याच्या मेनूचा फोटो इथे टाक, कुठले पदार्थ चालतील ते मी खुणा करून देते.