मोल, ग्रॅम आणि अणू: कधी गुणायचं, कधी भागायचं?

तू विचारलंस की 5.4 ग्रॅम अ‍ॅल्युमिनियममध्ये अणू किती, आणि त्यात 6.022 × 10²³ ने (म्हणजे अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने, एका मोलमधे इतके कण असतात) गुणायचं की भागायचं तेच कळत नाही. मी नागपुरात घरीच अकरावीची ट्यूशन घेते, दर वर्षी जून-जुलैमधे अर्धी पोरं नेमकी इथेच अडकून राहतात, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी घरात पोळ्या गुंडाळायची फॉइल काढ. माझ्याकडच्या रोलवर 11 मायक्रॉन लिहिलंय, रुंदी 30 सेंटीमीटर, त्यातून 30 सेंटीमीटर लांब तुकडा फाडला की त्याचं वजन साधारण 2.7 ग्रॅम भरतं (लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी गुणिले घनता 2.7, करून बघ). अ‍ॅल्युमिनियमचं अणुवस्तुमान 27, म्हणजे 27 ग्रॅमचा एक मोल, म्हणजे तुझ्या हातातला हा चौकोन 0.1 मोल. तुझ्या गणितातले 5.4 ग्रॅम म्हणजे असे दोन चौकोन, बस. मोल ही वस्तू हातात धरता येते हे एकदा दिसलं ना की भीती अर्धी जाते असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्ट. ग्रॅममधून अणूंकडे थेट रस्ता नाहीच, मधे मोलवर उतरावंच लागतं. आपल्या मेट्रोसारखं समज, खापरीहून ऑरेंज लाइननी निघालास आणि लोकमान्य नगरला जायचंय तर सीताबर्डीला उतरून अ‍ॅक्वा लाइन पकडावीच लागते. मोल म्हणजे सीताबर्डी. ग्रॅमवरून मोलवर येताना अणुवस्तुमानाने भाग, मोलवरून अणूंकडे जाताना 6.022 × 10²³ ने गुण, आणि परत यायचं असेल तर उलट, जिथे गुणलं तिथे भाग. तुझं गणित: 5.4 ÷ 27 = 0.2 मोल, 0.2 × 6.022 × 10²³ = 1.2044 × 10²³ अणू. झालं.

आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहीच, 27 नुसतं नको, 27 ग्रॅम प्रति मोल लिही, मग ग्रॅमला ग्रॅम कटतं आणि गुणायचं की भागायचं हे एककच सांगतं, पाठ करायची गरजच राहत नाही. पोरं वेळ वाचवायला हे सोडतात आणि तिथेच मार्क जातात, मला खरंच वाईट वाटतं कारण त्यांना येत असतं.

उत्तर आलं की एकदा नजर टाक. काही ग्रॅम पदार्थ असेल तर अणू 10²² नाहीतर 10²³ च्या आसपास यायला पाहिजेत. 10⁻²³ आलं तर कुठेतरी भागलंयस, कारण तेवढं तर एका अणूचं वजन असतं, अ‍ॅल्युमिनियमचा एक अणू 4.48 × 10⁻²³ ग्रॅम. बरोब्बर दहापट जास्त आलं तर कॅल्क्युलेटरवर EXP च्या आधी 10 पण दाबला असशील, EXP मधेच "गुणिले दहाचा घात" येतो, परत 10 लिहायचा नाही.

अ‍ॅव्होगॅड्रो अंक आधी 12 ग्रॅम कार्बन-12 मधल्या अणूंवरून यायचा, 20 मे 2019 पासून तो 6.02214076 × 10²³ असा पक्काच ठरवून टाकलाय, परीक्षेत 6.022 चालतं.

शेवटची अडचण अणू आणि रेणूची, ही सगळ्यात जास्त नडते. प्रश्नात "ऑक्सिजन वायू" दिसला की तो O₂, मोलर वस्तुमान 16 नाही, 32. 8 ग्रॅम घेतला तर 8 ÷ 32 = 0.25 मोल रेणू, म्हणजे 1.5055 × 10²³ रेणू, आणि प्रत्येक रेणूत दोन अणू म्हणून अणू 3.011 × 10²³. पाण्याचंही तसंच, 9 ग्रॅम पाणी म्हणजे अर्धा मोल रेणू, पण अणू विचारले तर तीनाने गुणायचं. पाण्याचं तू कर आणि उत्तर खाली टाक, मी तपासते.