पियानोवरील नवरचना आणि गणित: पायच्या अंकांऐवजी चाळणी

पाय या संख्येचे दशांश अंक स्वरांना जोडून आपण एकल पियानोसाठी रचना केली, पण ती ऐकताना कोठेच आकार जाणवत नाही. गणिताचा आधार न सोडता पुढे कसे जावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते अडचणीचे मूळ निवडलेल्या गणितातच आहे. पायच्या अंकांत कानाला पकडता येईल असा क्रम आढळत नाही, त्यामुळे त्यांच्या जागी फाशांचे दान वापरले असते तरी श्रोत्याला फरक कळला नसता. ज्या गणिताच्या पोटात आवर्तन, सममिती किंवा घट्ट नाती आहेत असे गणित निवडावे, आणि ती नाती ऐकू येतील अशा ठिकाणी ठेवावीत.

या वाटेवरील सर्वांत महत्त्वाची रचना म्हणजे संगीतकार इयानिस झेनाकिस यांची ‘हेर्मा’. ती त्यांनी १९६१ मध्ये जपानी पियानोवादक युजी ताकाहाशी यांच्यासाठी पूर्ण केली. झेनाकिस हे अभियंता होते आणि पॅरिसमध्ये वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम करत होते; तुमचे गणितच संगीतात आणा, असा सल्ला त्यांना संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांनी दिला. (याच मेसियाँनी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी तालांच्या यादीतील ताल आपल्या लयरचनेत आणले. तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत लिहिला गेला आणि सात स्वरांच्या ५०४० क्रमांपैकी हवा तो क्रम गणिताने शोधण्याची रीतही त्यात आहे. हा धागा मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावा.)

‘हेर्मा’मध्ये पियानोच्या ८८ पट्ट्या हा विश्वसंच, म्हणजे उपलब्ध असलेल्या सगळ्या स्वरांचा संच, आहे आणि त्यातून अ, ब, क हे तीन संच निवडलेले आहेत. रचना ज्या अंतिम संचाकडे जाते त्यात तिन्ही संचांत असलेले किंवा नेमक्या एकाच संचात असलेले स्वर येतात. हा संच सरळ विस्ताराने लिहिल्यास छेद (दोन्ही संचांत असलेले स्वर), संयोग (दोहोंपैकी कोणत्याही संचात असलेले स्वर) आणि पूरक (संचाबाहेरचे स्वर) मिळून १७ क्रिया लागतात; अ आणि ब यांच्यातील नाते एकदाच काढून पुन्हा वापरल्यास १० क्रियांत काम होते. झेनाकिस यांनी हे दोन्ही मार्ग एकाच रचनेत समोरासमोर ठेवले. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, तरी तिची मर्यादाही सांगितली पाहिजे: एखादा स्वर ‘अ’मधला आहे की ‘ब’मधला, हे धावत्या संगीतात कोणताही श्रोता ओळखू शकत नाही. त्याला जाणवते ती दर सेकंदाला पडणाऱ्या स्वरांची घनता, तीव्रतेतील टोकाचा फरक, पेडलमुळे साचणारा नाद आणि मधल्या दीर्घ शांतता.

म्हणून आरंभासाठी मी झेनाकिस यांचीच दुसरी पद्धत, म्हणजे चाळणी, सुचवेन. तिच्यात भागाकारातील बाकीवरून स्वर निवडतात. डावीकडील पहिल्या पट्टीला ० मानून पट्ट्यांना क्रमांक द्या. ५ ने भागल्यास २ बाकी उरते किंवा ७ ने भागल्यास ० बाकी उरते असे क्रमांक तेवढे ठेवा. ०, २, ७, १२, १४, १७, २१, २२, २७, २८, ३२ असे ११ स्वर मिळतात आणि ३५ पट्ट्यांनंतर हाच आकृतिबंध पुन्हा येतो. सप्तक १२ पट्ट्यांचे असल्याने प्रत्येक सप्तकात वेगळे स्वर लागतात आणि षड्ज म्हणून कोणताही स्वर ठाम बसत नाही, तरीही सगळ्या पल्ल्यात एकच स्वभाव टिकतो. शिवाय ४२ हा क्रमांक दोन्ही अटींत बसतो. तेथून वर किंवा खाली कोठेही निघा, अंतरे ५, २, ३, ४, १, ५, १, ४, ३, २, ५ हीच येतात. ही सममिती दोन हातांच्या विरुद्ध दिशेच्या चालीत स्पष्ट ऐकू येते.

लयीसाठी संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी यांची १९८५ मधील ‘देझॉर्द्र’ ही एत्यूद, म्हणजे वादनतंत्राच्या अभ्यासासाठीची पियानोरचना, अभ्यासावी. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि डावा काळ्या पट्ट्यांवर चालतो. दोघेही आठ मात्रांच्या आवर्तनाने एकत्र निघतात, पण उजव्या हाताच्या दर चौथ्या आवर्तनात एक मात्रा गळते आणि आघात हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. नियम एका वाक्यात मावतो, त्याचा परिणाम मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतो. मला गणिती रचनेची खरी कसोटी हीच वाटते.

आपण स्वरांची निवड चाळणीकडे आणि आघातांचे सरकणे अशा एखाद्या नियमाकडे सोपवावे. घनता, पेडल आणि शांतता मात्र स्वतः ठरवावी. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो आणि मंद्रातला स्वर तारातल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो, याची दखल सूत्र घेत नाही, ती रचनाकारालाच घ्यावी लागते. काही ठिकाणी सूत्राबाहेरचा स्वर हवासा वाटला तर तो घ्यावा. ‘हेर्मा’च्या स्वरलेखनातही संचांत न बसणारे स्वर विश्लेषकांनी दाखवून दिले आहेत. फक्त असा प्रत्येक स्वर हस्तलिखितात खूण करून ठेवा. अशा खुणा एकाच भागात दाटू लागल्या, तर तेथील चाळणी बदलून पाहावी.